अ‍ॅड्रिनल ग्रंथीवर गाठ आली: कॅन्सर आहे का, हे कसं ठरवतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुतखड्यासाठी सीटी स्कॅन केला आणि रिपोर्टमध्ये अ‍ॅड्रिनलवर गाठ असल्याचं लिहून आलं. हा कॅन्सर आहे का?

बहुतेकदा नसतो. काही ना काही कारणाने पोटाचा सीटी झालेल्या शंभर जणांपैकी दोन-चार जणांत अशी गाठ सापडते. उतारवयात हे प्रमाण आणखी वाढतं. यातल्या बहुसंख्य गाठी साध्या अ‍ॅडेनोमाच्या असतात आणि आयुष्यभर काही त्रास देत नाहीत. ग्रंथीच्या बाहेरच्या थरातून उगवणारा खरा कॅन्सर, म्हणजे अ‍ॅड्रिनोकॉर्टिकल कार्सिनोमा, दर दहा लाख लोकांमागे वर्षाला एक-दोघांना होतो.

म्हणून रिपोर्ट कपाटात टाकून द्यावा असंही नाही. अशा प्रत्येक गाठीबद्दल दोन गोष्टी कळायला हव्यात. ती कॅन्सरची आहे का, आणि ती जादा हार्मोन तयार करते आहे का. पहिल्याची सगळ्यांना धास्ती असते, दुसरी बऱ्याचदा राहूनच जाते. आणि गंमत अशी की पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर दुसऱ्यात दडलेलं असतं. इथे निदान पुढे सरकतं ते रक्त, लघवी आणि कॉन्ट्रास्ट (शिरेतून टोचायचं औषध) न देता काढलेल्या सीटीवर. सुईने तुकडा काढण्याचा, म्हणजे बायोप्सीचा नंबर अगदी शेवटी, आणि पुष्कळदा तो लागतच नाही.

ही ग्रंथी असते कुठे आणि करते काय?

दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारखी एकेक ग्रंथी बसलेली असते. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. मराठी पुस्तकांत तिला अधिवृक्क ग्रंथी म्हणतात, दवाखान्यात मात्र सगळे अ‍ॅड्रिनलच म्हणतात. बाहेरच्या थरात कॉर्टिसोल, अल्डोस्टेरॉन आणि थोडी पुरुषी हार्मोन्स तयार होतात. आतल्या गाभ्यात अ‍ॅड्रिनलिन आणि त्याची भावंडं. गाठ कोणत्या थरातली, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं.

म्हणजे इथले कॅन्सरही वेगवेगळे असतात?

हो. बाहेरच्या थराचा तो अ‍ॅड्रिनोकॉर्टिकल कार्सिनोमा. आतल्या गाभ्यातून फिओक्रोमोसायटोमा (थोडक्यात फिओ) होतो. यातले बरेचसे पसरत नाहीत, पण जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१७ च्या वर्गीकरणापासून एकाही फिओला ‘शंभर टक्के निरुपद्रवी’ म्हणत नाहीत. प्रत्येकात पसरण्याची थोडीफार शक्यता धरतात आणि रुग्णावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवतात. लहान मुलांत याच गाभ्यातून न्यूरोब्लास्टोमा होतो. याशिवाय फुप्फुस, स्तन, मूत्रपिंड किंवा त्वचेच्या मेलॅनोमासारखा दुसरीकडचा कॅन्सर इथे येऊन बसू शकतो. आधी कॅन्सर होऊन गेलेल्या माणसाच्या अ‍ॅड्रिनलवर नवी गाठ दिसली, तर डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा हीच शंका येते.

कोणती लक्षणं दिसली तर जास्त सावध व्हावं?

कार्सिनोमाच्या निम्म्याहून जास्त रुग्णांत गाठ जादा हार्मोन बनवत असते, आणि लक्षणं त्या हार्मोनप्रमाणे बदलतात. कॉर्टिसोल वाढलं की चेहरा गोल होतो, पोट सुटतं आणि हातपाय बारीक होतात, त्वचेवर जांभळट चट्टे उमटतात, बीपी आणि शुगर वाढते. साध्या गाठीत हे वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. कॅन्सरमध्ये दोन-चार महिन्यांत माणूस बदलून जातो. एवढ्या थोड्या काळात मांड्यांतली ताकद जाऊन जमिनीवरून हात टेकल्याशिवाय उठता येईनासं झालं आणि रक्तातलं पोटॅशियम घसरलं, तर थांबू नये.

बाईच्या चेहऱ्यावर अचानक दाट केस येणं, आवाज घोगरा होणं, पाळी बंद पडणं ही पुरुषी हार्मोन्सची खूण. पीसीओडी म्हणून महिनोन्‌महिने गोळ्या चालू राहतात असं होतं, आणि ते समजण्यासारखं आहे, कारण पीसीओडी घरोघरी आहे. पण तो वयात येताना सुरू होतो आणि संथपणे चालतो. पंचेचाळिशीच्या बाईत हे सगळं चार महिन्यांत घडलं, तर अ‍ॅड्रिनल आणि अंडाशय दोन्ही तपासायला हवेत. कॉर्टिसोल आणि पुरुषी हार्मोन दोन्ही एकदम वाढलेली असतील तर कॅन्सरचा संशय फार बळावतो. पुरुषाच्या छातीत गाठ धरून ती वाढू लागली आणि रक्तात इस्ट्रोजेन जास्त निघालं, तर अशी अ‍ॅड्रिनलची गाठ जवळजवळ नेहमीच कॅन्सरची असते.

फिओची तऱ्हा वेगळी. धडधड, दरदरून घाम, डोकेदुखी आणि बीपीची उसळी असे झटके येतात आणि ओसरतात. आणि हार्मोन न बनवणारा कार्सिनोमा बराच काळ गुपचूप वाढतो. पोट जड वाटणं, कुशीत दुखणं, एवढंच.

सीटीच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय वाचायचं?

तीन गोष्टी: आकार, घनता आणि गाठ आतून एकसारखी आहे की ठिगळं लावल्यासारखी.

घनता हाउन्सफील्ड युनिटमध्ये मोजतात. कॉन्ट्रास्ट न देता काढलेल्या सीटीत गाठ एकसारखी असून आकडा १० किंवा त्याहून कमी असेल, तर तिच्यात चरबी भरपूर आहे, म्हणजे तो साधा अ‍ॅडेनोमा. २०२३ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचना तर अशा गाठीचा पुन्हा स्कॅन करायची गरज नाही म्हणतात, आकार कितीही असो. फिओही या आकड्याच्या खाली जवळजवळ कधीच येत नाही. उलट गाठ ४ सेंमी किंवा मोठी, आणि आकडा २० च्या वर किंवा आत मेलेले, रक्ताळलेले भाग दिसत असतील, तर बहुतेक वेळा ऑपरेशनचाच विचार होतो. कार्सिनोमा सापडतो तेव्हा तो साधारणपणे ६ सेंमीच्या वर असतो, दहा-अकरा सेंमीचेही सर्रास दिसतात. मधल्या गटातल्या गाठींसाठी एमआरआय, पेट स्कॅन किंवा काही महिन्यांनी पुन्हा सीटी, असा मार्ग काढतात.

आता खरी अडचण. आपल्याकडे पोटाचा सीटी सहसा थेट कॉन्ट्रास्ट देऊन करतात. औषध गाठीत शिरलं की आकडा वर चढतो, मग साधा अ‍ॅडेनोमाही ६० किंवा ७० दाखवतो आणि घरात रडारड सुरू होते. तो आकडा या हिशेबात धरायचाच नसतो. ‘प्लेन’ फेरी झालेली नसेल तर फक्त अ‍ॅड्रिनलपुरता कॉन्ट्रास्टशिवायचा सीटी करून घ्यावा. काही मिनिटांचं काम असतं, आणि एवढ्यावर पुष्कळांची सुटका होते. औषध दिल्यावर १५ मिनिटांनी ते गाठीतून किती उतरलं हे मोजणारा ‘वॉशआउट’चा अभ्यासही करतात. तो उपयोगी पडतो, पण कॅन्सर नाही असं एकट्या त्याच्या जोरावर म्हणू नये.

आणि एक. चार-पाच वर्षांपूर्वी कधी पोटाचा सीटी झाला असेल तर त्याची सीडी शोधा. गाठ तेव्हाही तेवढीच होती हे दिसलं, तर कॅन्सरची शंका बरीचशी तिथेच संपते.

सोनोग्राफीवर भागणार नाही का?

नाही. सोनोग्राफीत ग्रंथी नीट दिसेलच असं नाही, डावी तर जठर आणि आतड्यांतल्या हवेआड जाते. गाठीची घनता तर त्यात मोजताच येत नाही.

हार्मोनच्या कोणत्या तपासण्या लागतात?

कॉर्टिसोलची तपासणी सगळ्यांना. रात्री ११ वाजता १ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन घ्यायचं आणि सकाळी ८ ते ९ च्या दरम्यान रक्त द्यायचं. निरोगी शरीरात या गोळीने कॉर्टिसोल दबतं आणि डेसिलिटरमागे १.८ मायक्रोग्रॅम किंवा त्याखाली येतं. गाठ आपल्याच मर्जीने हार्मोन सोडत असेल तर ते दबत नाही. दबलं नाही तर एसीटीएच (मेंदूतल्या ग्रंथीचं, कॉर्टिसोल बनवायला लावणारं हार्मोन) आणि लघवीतलं कॉर्टिसोल बघतात.

घनता १० च्या वर असेल तर मेटानेफ्रिन, म्हणजे फिओची तपासणी. बीपी जास्त किंवा पोटॅशियम कमी असेल तर अल्डोस्टेरॉन आणि रेनिन. कॅन्सरचा संशय असेल तर डीएचईए-एस, टेस्टोस्टेरॉन, अँड्रोस्टेनेडिओन, १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन, आणि पुरुषांत व पाळी गेलेल्या स्त्रियांत इस्ट्रॅडिओल. यातला डीएचईए-एस, एक पुरुषी हार्मोन, बोलका आहे. कॉर्टिसोल बनवणाऱ्या साध्या गाठीत तो सहसा कमी असतो, कार्सिनोमात पुष्कळदा खूप वाढलेला.

‘गाठ काढायचीच आहे, मग हे सगळं कशाला?’ असं नातेवाईक विचारतात. त्याला ठोस कारण आहे. गाठ कॉर्टिसोल ओतत असेल तर दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथी झोपी गेलेली असते. गाठ काढल्यावर शरीरात कॉर्टिसोल उरत नाही आणि बाहेरून हायड्रोकॉर्टिसोन (औषधाच्या रूपातलं कॉर्टिसोल) दिलं नाही तर रुग्णाचा जीव धोक्यात येतो. फिओ माहीत नसताना भूल दिली तर टेबलावरच बीपी आकाशाला भिडू शकतं. फिओ असेल तर ऑपरेशनआधी एक-दोन आठवडे अल्फा ब्लॉकर गोळ्या देऊन, मीठ-पाणी वाढवून शरीर तयार करावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी प्राझोसिन बरंच वापरतात.

या तपासण्या चुकीच्या येऊ शकतात का?

सहज येतात. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन, कार्बामाझेपिन चालू असेल तर डेक्सामेथासोन शरीरात टिकत नाही आणि कॉर्टिसोल खोटंच वाढलेलं दिसतं. गर्भनिरोधक गोळ्यांनीही आकडा फुगतो. त्या साधारण सहा आठवडे आधी थांबवाव्या लागतात. रात्री गोळी घ्यायला विसरून सकाळी रक्त देणारेही असतात. विसरलात तर सांगून टाका, तपासणी दुसऱ्या दिवशी करता येते.

मेटानेफ्रिन रक्तातून करायचं असेल तर आधी वीस-तीस मिनिटं आडवं पडून राहायला हवं आणि रक्त झोपूनच द्यायला हवं. धावतपळत लॅब गाठून खुर्चीत बसून दिलेल्या रक्तात आकडा थोडा वर येणारच. अ‍ॅमिट्रिप्टिलिन, व्हेन्लाफॅक्सिनसारखी औषधं, सर्दीच्या काही गोळ्या यांनीही तो वाढतो. किंचित वाढलेला आकडा बऱ्याचदा खोटा असतो, दुप्पट-तिप्पट वाढलेला सहसा खरा. कोणती गोळी थांबवायची ते डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका, बीपीची तर नाहीच.

इथे एक नाजूक विषय. दम्याच्या किंवा सांधेदुखीच्या ‘जादूच्या’ पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं, गोरेपणाच्या काही क्रीममध्येही असतं. गोल चेहरा आणि वाढलेली शुगर त्यातूनही येते. अशा वेळी रक्तातलं स्वतःचं कॉर्टिसोल उलट तळाला गेलेलं सापडतं. आजोबांच्या पुड्या डॉक्टरांपासून लपवल्या तर निदान आठवडेच्या आठवडे भरकटतं.

२४ तासांची लघवी कशी गोळा करायची?

लॅब मोठा कॅन देते. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी संडासात सोडायची आणि ती वेळ लिहून ठेवायची. त्यानंतरचा प्रत्येक थेंब कॅनमध्ये, संडासला गेलात तेव्हाचीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी उठल्यावरची लघवी कॅनमध्ये घालून थांबायचं. मेटानेफ्रिनसाठी दिलेल्या कॅनच्या तळाशी थोडं अ‍ॅसिड असतं. घाण समजून ते ओतून देऊ नका आणि थेट कॅनमध्ये लघवीही करू नका, उडालं तर त्वचा भाजते. आधी स्वच्छ मगमध्ये घ्या, मग सावकाश ओता. कॅन सावलीत, थंड जागी. दुपारची एक वेळ राहून गेली तर नव्याने सुरुवात करा. लॅब क्रिएटिनिन मोजून लघवी पुरी आहे का ते पाहते, तेव्हा अंदाजपंचे पाणी घालून भागत नाही. (असं करणारेही भेटतात.)

ओळखीचे सर्जन म्हणतात, दोन दिवसांत सुईने बायोप्सी करून मोकळं होऊ. करू का?

जरा थांबा. बाकी अवयवांत गाठ दिसली की तुकडा काढून तपासणं ही रीत आहे, म्हणून हा सल्ला सहज दिला जातो. अ‍ॅड्रिनलमध्ये तो अनेकदा चुकतो.

पहिलं, सुईतून आलेल्या कणभर तुकड्यावरून साधा अ‍ॅडेनोमा आणि कार्सिनोमा यांत खात्रीने फरक करता येत नाही. तो फरक गाठीची अख्खी रचना, तिचं वेष्टण आणि शिरांमधला शिरकाव बघून करायचा असतो. दुसरं, कार्सिनोमा असेल तर सुईने वेष्टण फुटून पेशी पोटात सांडण्याची भीती असते, आणि मग पूर्ण बरं होण्याची जी एकमेव चांगली संधी असते तिला धक्का लागतो. तिसरं, फिओला सुई टोचली तर हार्मोनचा लोंढा सुटून बीपी इतकं चढू शकतं की रुग्ण दगावतो. म्हणून मेटानेफ्रिनचा रिपोर्ट हातात आल्याशिवाय अ‍ॅड्रिनलला सुई लावू देऊ नये. एवढं एक वाक्य तरी लक्षात ठेवा.

ऑपरेशनने काढता येईल अशी संशयित गाठ असेल तर ती न फोडता अखंड काढतात आणि तीच बायोप्सी ठरते. मोठ्या किंवा आजूबाजूला शिरलेल्या गाठीसाठी पोट उघडूनच ऑपरेशन केलेलं बरं. दुर्बिणीचा आग्रह इथे महाग पडू शकतो.

मग सुईची बायोप्सी कधीच करत नाहीत का?

करतात, आणि भारतात तिची गरज इतर देशांपेक्षा जास्त वेळा पडते. दोन्ही बाजूंच्या ग्रंथी सुजलेल्या असतील तर आपल्याकडे टीबी आणि हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीचा आजार आधी आठवावा लागतो. थॉमस अ‍ॅडिसन या लंडनच्या डॉक्टरांनी १८५५ मध्ये ग्रंथी निकामी होण्याचा जो आजार नोंदवला, त्यांच्या बऱ्याच रुग्णांत मूळ टीबीचंच होतं. असे रुग्ण वाळत जातात, काळवंडतात, मीठ खावंसं वाटतं, उभं राहिलं की चक्कर येते. सीटीत त्या ग्रंथी कॅन्सरसारख्या दिसू शकतात, पेट स्कॅनमध्ये कॅन्सरसारख्याच उजळतात. इथे तुकडा काढून तपासला की ऑपरेशन टळतं आणि औषधांनी माणूस उभा राहतो. पण आधी कॉर्टिसोल आणि एसीटीएच तपासायला विसरू नये, ग्रंथी बंद पडलेल्या असतील तर तातडीने हायड्रोकॉर्टिसोन लागतं.

लिम्फोमाचा (लसिकापेशींच्या कॅन्सरचा) संशय असेल, किंवा दुसरीकडच्या कॅन्सरची गाठ आहे का हे कळल्याने उपचार बदलणार असतील, तेव्हाही बायोप्सी योग्यच. शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेल्या कॅन्सरमध्ये औषधं सुरू करण्याआधी पुरावा म्हणूनही ती करतात.

पेट स्कॅन करावा का?

सरसकट नको. साध्या सीटीत १० च्या खाली असलेल्या गाठीला त्याची गरज नाही. संशयित गाठीत किंवा पसरण्याचा अंदाज घ्यायला नेहमीचा एफडीजी पेट उपयोगी पडतो, छातीचा सीटी तर हवाच. फिओ पसरला आहे का हे बघायला गॅलियम डोटाटेट पेट किंवा एमआयबीजी स्कॅन (अशा गाठींत जाऊन बसणारं किरणोत्सारी औषध देऊन काढलेले स्कॅन) करतात.

ऑपरेशन झालं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये ‘वाइस स्कोअर’ लिहिलाय, तो काय?

लॉरेन्स वाइस या पॅथॉलॉजिस्टने १९८४ मध्ये मांडलेली ही पद्धत. सूक्ष्मदर्शकाखाली नऊ गोष्टी बघतात: पेशींची केंद्रकं किती विचित्र आहेत, पेशी किती वेगाने विभागताहेत, मेलेले भाग आहेत का, शिरा किंवा वेष्टणात शिरकाव आहे का, वगैरे. तीन किंवा जास्त आढळल्या तर कार्सिनोमा. सोबत केआय-६७, म्हणजे विभागत असलेल्या पेशींचं प्रमाण, टक्केवारीत देतात. ती १० च्या वर असेल तर आजार उलटण्याचा धोका जास्त धरतात. गाठीची कड मोकळी आहे का, म्हणजे कापलेल्या कडेवर कॅन्सरच्या पेशी नाहीत ना, हेही रिपोर्टमध्ये असायलाच हवं. हा कॅन्सर इतका दुर्मीळ आहे की कित्येक पॅथॉलॉजिस्टना तो क्वचितच बघायला मिळतो, म्हणून ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड दुसऱ्या अनुभवी केंद्रात पुन्हा दाखवणं शहाणपणाचं. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरच्या ब्लॉक-स्लाइड तपासून मिळतात.

स्टेज कशी ठरते?

५ सेंमीपर्यंत आणि ग्रंथीपुरती असेल तर पहिली, त्याहून मोठी पण ग्रंथीपुरतीच असेल तर दुसरी. आजूबाजूला, लसिकाग्रंथींत किंवा मोठ्या शिरेत शिरली असेल तर तिसरी. फुप्फुस, यकृत, हाड अशी लांब पोहोचली तर चौथी. पहिल्या दोन स्टेजमध्ये साधारण ६० ते ८० टक्के रुग्ण पाच वर्षांनंतर हयात असतात, तिसरीत ३५ ते ५०, चौथीत त्याहून बरेच कमी.

लहान मुलांत हे कसं ओळखतात?

पाच वर्षांखालच्या मुलांत कार्सिनोमाची पहिली खूण बहुधा अकाली वयात येण्याची असते. तीन वर्षांच्या पोरीला जांघेत केस, मुरुमं, अचानक वाढलेली उंची. ‘लवकर मोठी झाली’ म्हणून कौतुक करण्यात वेळ घालवू नये. न्यूरोब्लास्टोमात मात्र पोटात कडक गोळा, ताप, हाडं दुखणं, डोळ्यांभोवती काळेनिळे वण दिसतात. त्यात लघवीतलं व्हीएमए आणि एचव्हीए (या गाठीच्या हार्मोनांचे उरलेले अंश) तपासतात, एमआयबीजी स्कॅन आणि अस्थिमज्जेची तपासणी करतात. आणि इथे बायोप्सी नेहमीची आहे, वरचा नियम या आजाराला लावू नये.

घरच्यांनाही तपासायचं का?

फिओच्या तीसेक टक्के किंवा जास्त रुग्णांत दोष जन्मजात जनुकातला असतो, म्हणून प्रत्येक रुग्णाची जनुकीय तपासणी सुचवतात. दोष सापडला तर भावंडं आणि मुलांचीही. कार्सिनोमा झालेल्या लहान मुलांपैकी निम्म्यांहून अधिकांत टीपी-५३ जनुकाचा दोष आढळतो. दक्षिण ब्राझीलमध्ये या जनुकातला एक विशिष्ट बदल पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यामुळे तिथे मुलांत हा कॅन्सर जगाच्या कितीतरी पट जास्त दिसतो.

जायचं कुणाकडे आणि सोबत काय न्यायचं?

पहिल्यांदा एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे. शस्त्रक्रिया अशा सर्जनकडून करून घ्या जो अ‍ॅड्रिनलची ऑपरेशनं नियमित करतो. किती केली, हे विचारायला संकोच नको. मुंबईत परळला केईएमचा एंडोक्रायनॉलॉजी विभाग आणि टाटा मेमोरियल जवळजवळच आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते भरती होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून घ्या.

सीटीचा कागदी रिपोर्ट पुरत नाही, सीडी न्या. जुने स्कॅन असतील तर तेही. ऑपरेशन झालं असेल तर ब्लॉक आणि स्लाइड. रोजच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका, नावं ऐन वेळी आठवत नाहीत. वैदूची पुडी किंवा बिनलेबलची क्रीम असेल तर तीही त्याच पिशवीत घाला.